बुडखे

घर घेतलं तेव्हा मागच्या परसात
पाच बुडखे होते, ओळीत,
कुंपणापासून हातभर अंतरावर.
एजंट म्हणाला होता, बसायला बरे.
बसून पाहिलं. बरे नव्हते.

हॅलिफॅक्समध्ये सल्ला फुकट मिळतो.
भोकं पाडून मीठ भरा, म्हणाला पोस्टमन.
यंत्र भाड्यानं आण, म्हणाली मुलगी फोनवर,
दिवसाचे नव्वद पौंड, तासात भुगा.
मी एकतीस वर्षं दाढा काढल्या आहेत,
थोड्या मिरजेत, बाकी सगळ्या इथे,
आणि मला ठाऊक आहे,
ओढायचं नसतं.
हलवायचं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे,
हाडाला पटेपर्यंत
की आता सोडायला हरकत नाही.

पहिल्यानं एप्रिलचे दोन रविवार खाल्ले.
माती काळी, चिकट, मध्येच कोळशाची राख,
एक काचेची गोटी,
कुत्र्याच्या पट्ट्याचं गंजकं बक्कल.
मूळ कापलं की राळेचा वास यायचा,
तीन वर्षांपूर्वी तोडलेल्या झाडाला
अजून कुणी कळवलंच नसावं.

दुसऱ्याच्या वेळी कुंपणापलीकडून आवाज आला:
मुळासकट?
मिसेस बॅराक्लॉ. वय त्र्याऐंशी.
हातात चहाचे दोन मग, एक माझा, न विचारता.

गॉर्डननं लावली होती ही झाडं, म्हणाल्या,
मी त्याच्या गॅरेजची तक्रार केली त्याच वर्षी.
इवलीशी रोपं. मला वाटलं, दिलजमाई करतोय.
सातव्या वर्षी माझ्या स्वयंपाकघरात
दुपारी दोनला दिवा लावावा लागायचा.
कौन्सिलची माणसं आली टेप घेऊन.
कागद झाले. शेवटी तोडली त्यानं,
बुडखे ठेवले.
म्हणाला, कागदावर उंची लिहिलीय, मुळं नाहीत.

त्या हसल्या. तसा विनोदी होता, म्हणाल्या.
आता ब्रिडलिंग्टनला असतो, वृद्धाश्रमात.
नाताळला कार्ड येतं. नुसती सही.

आमच्याकडे म्हणतात, एकमेकांच्या मुळावर उठणं.
सांगायला तोंड उघडलं,
इंग्रजीत ते उठेचना.
चहा प्याले.

तिसरा. चौथा. मनगट सुजलं.
जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.
हे खोड मेलेलं आहे
आणि जात नाही.
त्याच्यावर बसून मी एक केळं खाल्लं,
साल तिथेच खड्ड्यात टाकलं.

पाचव्याचं एक मूळ मांडीएवढं,
सरळ कुंपणाखालून पलीकडे.
करवत लावली तशा मिसेस बॅराक्लॉ धावत आल्या,
म्हणजे त्यांच्या मानानं धावत, काठी पुढे टाकत.
माझ्याकडचं राहू दे.
कपड्यांच्या दोरीचा खांब त्यानं धरलाय,
आधी कलला होता,
आता कितीही वारा सुटो, चादरी वाळतात.

कुजेल ते एक दिवस, मी म्हटलं.
कुजेल की, म्हणाल्या,
मला काय घाई आहे.

मग मी कुंपणाला लागून कापलं,
बरोबर हद्दीवर,
टेप घेऊन आले असते तरी बोट ठेवता आलं नसतं.
पाचवा बुडखा चाकगाडीतून नेताना
एका बाजूला झुकत होता,
त्या अर्ध्या पायामुळे.

खड्डे भरलेत आता.
तिथे काय लावणार, मुलगी विचारते.
ठरलं नाही. बटाटे बहुतेक.
काहीतरी बुटकं.

जूनमधली दुपार. दोन वाजलेत.
इथून त्यांचा ओटा दिसतो,
किटली, ब्रेडचा डबा, वारांच्या खणांची गोळ्यांची डबी,
सगळ्यावर ऊन, लख्ख,
आणि वर
दिवा चालू.