दोन पिवळे ठिपके

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याला लागून
मिठाचं एक रिकामं गोदाम होतं.
नेव्हीतून निवृत्त झालेल्या लॉरेन्स ब्रिटोनं
त्याच्या भिंती घासून गुळगुळीत करून घेतल्या,
होडीच्या बुडाला लावतात त्या तांबड्या रंगाच्या
उरल्यासुरल्या डब्यातून रेघा ओढल्या,
आणि समोरच्या भिंतीच्या पायाशी
डालड्याचे डबे कापून पत्रा ठोकला.
"ह्याला लागला की पॉइंट गेला," म्हणाला.
माझं पहिल्या वर्षाचं प्रशिक्षण एवढंच.

काळा चेंडू, त्यावर दोन पिवळे ठिपके.
थंड असला की पिकल्या रतांब्यासारखा,
पडला तिथंच बसतो.
आणि शेजारच्या भिंतीतून तर बर्फ झिरपायचा.
मी शाळा सुटल्यापासून तो काखेत धरून यायची,
आई कधी चहाच्या टोपाला टेकवून ठेवायची.
मग साठ-सत्तर फटके.
तेव्हा कुठे त्यात जीव यायचा.

तार तुटली तेव्हा बाबांनी
जाळं विणायची सुई काढली,
एका रात्रीत नायलॉनचा दोरा ओवून दिला.
आवाज बद्द यायचा.
त्या रॅकेटनं मी जिल्हा जिंकले.
(जिल्ह्यात आम्ही चौघीच होतो, ते सोडा.)

पुढची अकरा वर्षं एका पिशवीत मावतात.
कैरो. क्वालालंपूर.
कॅनडातलं एक गाव, ज्याचं नाव मी विसरले,
पण ज्या दंतवैद्याच्या तळघरात झोपले
त्याच्या मांजरीनं पळवलेला माझा मोजा
अजून आठवतो.
पहिल्याच फेरीत हरलं
तर बक्षिसात परतीचं निम्मं तिकीट निघायचं.
उरलेलं निम्मं मी रात्री विणायची:
दुसऱ्यांच्या रॅकेटी, दहा डॉलरला एक.
उद्या जी मला हरवणार तिचीसुद्धा,
तितकीच घट्ट.

क्रमांक मी आईला फोनवर सांगायची.
चारशे बारा. दोनशे तीस. एकशे चव्वेचाळीस.
ती लिलावाच्या गलक्यात, कानाला पदर लावून:
"आकडो खाली इलो आणि तू हसतंस गो?"
सुरमईचा आकडा खाली आला
की तिचं आख्खं घर खाली यायचं.
तिला कसं समजवायचं.

सत्त्याऐंशी.
तिथं मी नऊ दिवस होते.

गुडघा गेला तो कुठल्या मोठ्या सामन्यात नाही.
मंगळवारी, सरावात, एकटी असताना.
दुखायच्या आधी ऐकू आला.
कोर्टात दुसरं कुणी नव्हतं,
म्हणून मी स्वतःच मोठ्यानं स्कोअर म्हटला
आणि खाली बसले.

ब्रिटो गेला. गोदामाचं अर्धं छप्पर गेलं.
रेघा आहेत;
होडीचा रंग, खाऱ्या हवेला तो काय भिणार.
संध्याकाळी पाचसहा मुली येतात,
त्यांतली एक रापणकरांची थोरली,
डावखुरी, रागीट, अनवाणी खेळायचा हट्ट धरणारी.
काल एका चेंडूला दोघी धावलो
आणि खांद्याला खांदा आदळला.

"लेट," मी म्हटलं.
"म्हणजे चूक कुणाची?"
"कुणाचीच नाही. तोच पॉइंट पुन्हा खेळायचा."
ती कपाळाचा घाम पुसत बघत राहिली,
मी काही लपवतेय असं.
"हरलेला नाही धरत?"
"नाही."
"आणि किती वेळा मागता येतो?"

मी विचार करत होते.
अकरा वर्षांत मी किती मागितले,
किती पंचांनी मान हलवून नाकारले,
किती मला मागायला हवे होते
आणि मी गप्प राहून रेघेवर परतले.

तोवर तिनं सर्व्हिस केली होती.
पत्र्यावर गेली.
गोदामभर डालड्याचा आवाज.