वीस नंबरचं सूत

दुपारचे अडीच. आसरा चौकाच्या अलीकडं
माझ्या लिंबाची निम्मी सावली.
बालय्या येमूल गाडीतून उतरले,
शर्टाची पाठ सीटला चिकटून जरा मागंच राहिली.
"दस्तगीर, एसी लावला की हिटर लागतोय. गॅस भर."

सगळे हेच म्हणतात.
डोकं दुखलं की चहा, एसी गेला की गॅस.
होटगी रोडला एकदा भरला, विजापूर नाक्याला एकदा,
दोन्ही पावत्या त्यांनी बोनेटवर टाकल्या
हरलेल्या पत्त्यांसारख्या.

चालताना कसंय? मी विचारलं.
"अक्कलकोट रोडला सुसाट गेलं की बरं वाटतंय.
सिग्नलला थांबलं की भट्टी."
तिथंच अर्धा निकाल लागला,
पण बोललो नाही.
उस्ताद सांगायचे, अर्धा निकाल तोंडात ठेव,
विरघळतोय का बघ.

बोनेट उघडून कान दिला.
क्लच टक्‌ करून बसतोय. पट्टा ओढतोय.
पंखा फिरतोय.
सांध्यासांध्याला साबणाचं पाणी लावलं,
एक बुडबुडा नाही.
मग घड्याळं जोडली.
निळी सुई साठावर.
लाल साडेतीनशेच्या पुढं आणि चढतीच,
चढत चढत टक्‌, क्लच सुटला.
गॅस कमी कुठला, उलट जास्तच.
पंक्तीत आग्रहानं बुंदी वाढलेल्या माणसासारखी
गाडी धापा टाकत होती.

"मल्लिनाथ, मगभर पाणी आण."
पोरगं बघतच राहिलं. नळ येऊन चौथा दिवस.
"पिण्यातलं का वापरायचं?"
वापरायचंच आण की,
गाडी काय पाहुणी आलीय?

जाळीतून कंडेन्सरवर ओतलं, धार धरून.
लाल सुई उतरली.
आतून बालय्या ओरडले, "आली! गार आली!"
मग अर्ध्या मिनिटानं, हळू आवाजात,
"गेली."

पुढची जाळी काढली.
कंडेन्सर दिसेचना.
पत्र्याच्या बारीक पट्ट्यांवर नुसती रुई, धूळ, रुई,
थरावर थर, पाण्यानं भिजून जड झालेली.
बोटानं कडा सोडवली तर अख्खी घडीच हातात आली.
"चादर निघाली की!" मल्लिनाथ हसला.
बालय्या हसले नाहीत.

चष्मा कपाळावर सरकवून
त्यांनी त्यातला एक रानी रंगाचा धागा ओढला,
उलटा पीळ दिला, कानापाशी नेऊन तोडला.
"वीस नंबर. टॉवेलचं सूत. आमचं नाही."
तुमचे माग तर कधीच भंगारात गेले, मी म्हटलं.
"म्हणून तर सांगतोय. आमचं सूत असं तुटायचं नाही.
हे समोरच्या गाजूलचं.
त्याच्या कारखान्याचा पंखा सगळं बाहेर फेकतोय,
ते माझ्या गाडीवर."
पंचवीस वर्षं मी सुया बघतोय.
माणूस असा कानानं सूत बघतो, हे
आज पाहिलं.

दात घासायच्या जुन्या ब्रशानं पट्ट्या विंचरल्या,
वाकलेल्या सरळ केल्या, हवा मारली.
गॅस सगळा काढला, तोलून
लागतो तेवढाच परत भरला.
झरोक्यात थर्मामीटर खोचला.
एकतीस. चोवीस. सतरा.
उन्हात, उभ्या गाडीत, अकरा.

बालय्या काचा वर करून आतच बसले.
पैशाचं बोलणं खुणेनंच झालं,
मी बोटं दाखवली, त्यांनी दोन दुमडली,
मी एक परत उघडली.

शेवटी काच चार बोटं खाली आली.
म्हटलं, गाडी तिथं लावू नका,
वर्षात परत जाम होईल.
"मग कुठं लावू? सावली तिथंच आहे," म्हणाले,
आणि रुईची ती ओली घडी पावतीत गुंडाळून घेऊन गेले,
गाजूलला दाखवायला, म्हणे.

गाजूलच्या कारखान्याची ती भिंत मला माहीत आहे.
तोंड पश्चिमेला.
बारानंतर तिथं कुत्रंसुद्धा बसत नाही.
तिथं मागांचा आवाज तेवढा येतो,
खटखट, दिवसभर.

मल्लिनाथला म्हटलं,
घड्याळं पुसून ठेव.