हातचा

जानेवारीत खाण बंद असते.
बोगद्याच्या लोखंडी दाराला बर्फ टेकलेलं,
आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर
वेअरडेलमधल्या एका टेकडीचं पोट
पेन्सिलीने उघडं पडलेलं.
नकाशा गुंडाळू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार कप.
कॉलिन पिअर्ट म्हणतो, यंदा उत्तरेची शीर धरू.
हेस्टर म्हणते, आधी छताला टेकू.
मी म्हणते, आधी दगड.

म्हणजे स्फटिक नव्हे. दगड.
डोंगर पोखरून उंदीर काढला
की उंदराला बघायला सगळे येतात,
भिंगं, पांढरे हातमोजे, काचेच्या पेट्या मोजणारे लोक.
डोंगर कुठे ठेवलात
हे विचारायला फक्त कौन्सिलचं पत्र येतं,
तेही स्वस्तातल्या टपालाने.

गणित तसं चौथीतलं.
एक घनमीटर खडक फोडला
की दीड घनमीटर भरतो, कधी जास्तच.
फुटलेलं फुगतं.
एकदा सुटं झालेलं परत तेवढ्याच जागेत मावत नाही
(हे कळायला मला खाणीची गरज नव्हती,
पण ते असो).
पश्चिमेचा जुना बोगदा आहे,
शिशासाठी कुणाच्या तरी पणजोबांनी खणलेला,
ओणवं चालावं लागतं असा.
त्यात भरायचं. तो भरतो.
वर हातचा उरतोच.

हातचा बाहेर काढायचा मे ते सप्टेंबर,
ऑक्टोबरात वाट वाट राहत नाही.
दिवसाला अकरा फेऱ्या,
लोडर रुसला तर सहा.
ओढ्यापासून तीस पावलं लांब,
धुण्याचं पाणी आधी खड्ड्यात निवळू द्यायचं,
खाली ट्राउट आहेत, आणि ट्राउटच्या वतीने बोलणारी माणसंही.
ढिगाचा उतार असा
की मेंढी चढेल आणि पोरगं घसरणार नाही.
वर गवत पेरायचं.
दगडात शिसं आहे, गवत नखरे करतं.
हेस्टर दरवर्षी पेरते.

एडन नॅट्रेसचं हरकतीचं पत्र तीन पानी होतं.
कोकरं जन्मतात त्या दिवसांत
आमच्या लोडरचं मागे येतानाचं पीं पीं,
हे दोनदा, अधोरेखित.
मग मार्चच्या वाऱ्यात
त्याच्या कुरणाची एकोणीस यार्ड भिंत निजली.
तो फाटकापाशी आला, आत आला नाही.
म्हणाला, तुमच्याकडे दगड असतील म्हणे.

दोन आठवडे त्याचा ट्रेलर.
चुना नाही, सिमेंट नाही.
दगड हातात घ्यायचा, एकदाच फिरवायचा,
ठेवायचा, आणि विसरायचा.
मी वहीत लिहिलं: बावीस टन, गेले.
कुठे, त्याला रकाना नव्हता.

ऑगस्टमधली संध्याकाळ.
वाटेने उतरताना भिंतीच्या तिसऱ्या थरात
काहीतरी निळसर.
वाकले.
बोटभर भेग, आणि भेगेत
नखाएवढे चौकोनी फ्लोराइट, एकमेकांत शिरलेले,
दिव्याखाली हिरवे असतात ते,
आभाळाखाली निळे होतात.
आमच्या तिघांच्या डोळ्यांखालून गेलेले,
महिन्याचं डिझेल सहज निघालं असतं.

नॅट्रेस पलीकडून मेंढ्या मोजत होता.
मी विचारलं, हा दिसला होता?
तो मोजणी संपवून म्हणाला,
दिसला की.
मग?
बसला तिथे, म्हणाला.
अगदी नीट बसला.

मी हात लावून पाहिला. हलला नाही.
छिन्नी पिशवीत होती,
तिचं वजन मला जाणवत होतं,
त्यालाही दिसत असावं.
शेवटी मीच उठले, गुडघे झटकले.
दहा पावलं गेल्यावर मागून आवाज आला:
ते पीं पीं मात्र बघा काहीतरी.