माइकवरून

हॅलो, माइक टेस्टिंग, एक दोन, एक दोन.
मे महिन्यातला दुसरा शनिवार, मनोरीचं तळं.
माझा आवाज पाण्यावरून जातो,
पलीकडच्या चिंचेला आपटून परत येतो,
आणि दर वर्षी मला
माझ्याहून थोडा म्हातारा वाटतो.

तळं यंदा गुडघाभर.
स्टेज ठोकलंय भेगाळलेल्या चिखलावर,
रुफिनच्या फळ्या, एरवी होडीखालच्या.
बोंबलाचा वास गेलेला नाही.
पहिल्या नाचातल्या पोरी नाक दाबून चढतात,
पहिली टाळी पडली की विसरतात.

कार्यक्रम ऐका:
कुरसाजवळ माळ, मग द्रोणातून उकडलेले चणे,
बायकांची रस्सीखेच समुद्रावर, ओहोटी लागली की
(वेळ सांगत नाही, समुद्राने पत्रिकेवर सही केलेली नाही),
मग ब्रास बँड, फुग्यांचे स्टॉल, बालनाट्य.
शेवटची फेरीबोट साडेदहाला.
मार्व्याच्या पाहुण्यांनी नंतर माझ्याशी भांडू नये.

पण लोक कान देतात ते हरवलेल्यासाठी.

एक चष्मा, काळी दोरी बांधलेला.
एक चप्पल, डाव्या पायाची;
उजवी घालून मालक इथंच लंगडत उभा आहे.
पिवळ्या फ्रॉकमधली एक मुलगी,
नाव विचारलं तर मनी सांगते,
वडिलांचं विचारलं तर पप्पा.
पप्पांनी स्टेजपाशी यावं.
मैदानातले सगळे पप्पा वळून बघतात,
त्यातला एक पळत सुटतो, हातात बर्फाचा गोळा,
लाल रंग कोपरापर्यंत.

तेवढ्यात नताळीन पुढं येते.
लाल लुगडं, कानात केळीच्या देठाएवढी भोकं,
मुठीत चिठ्ठी, चण्याच्या पाण्याने ओली.
हे वाच, म्हणते.
मी वाचतो. माइकवर हात ठेवतो.
वर डेव्हलपरचं बॅनर फडफडतंय, खर्च त्याचा;
त्यावर तळं आहे, निळंशार, त्यात दोन हंस.
आमच्या तळ्यात हंस कुणी पाहिलेला नाही.
आमच्या तळ्यात डेब्रिज येतं, रात्रीचं, डंपरने.

नताळीन हलत नाही.
माझ्या लग्नाला, म्हणते,
उंबराचं पाणी तेराव्या पायरीवरून भरलेलं.
घुमट वाजत होता. माझा पाय घसरला होता.
खोटं वाटतं तर तुझ्या बापसाला विचार.
बाप गेला त्याला बावीस वर्षं झाली.
हे तिला माहीत आहे.

मग मी चष्मा आणि चपलेच्या मधे,
त्याच आवाजात, वाचून टाकतो:
हरवल्या आहेत, पायऱ्या सात.
तळ्याच्या एकूण सोळा, पाणी आटूनही दिसतात नऊ.
काळा दगड, मधोमध झिजलेला.
कुणाला सापडल्यास स्टेजपाशी आणून द्याव्यात.

लोक हसतात. चांगलं हसतात, पोट धरून.
मग हसणं मागच्या रांगांपासून विरत जातं,
आणि माझ्याकडे पुढचा कागद नसतो.
बँडमास्तर मिंगेल माझ्याकडे बघतो,
काहीतरी समजून
नको तेव्हा कॉर्नेट फुंकतो.

डेव्हलपरचा माणूस नंतर विचारतो, कविता होती का?
मी म्हणतो, सूचना होती.

दहा वाजता दिव्यांच्या माळा उतरवायला घेतो,
वायर कोपरावर गुंडाळत, खिशात स्क्रूड्रायव्हर.
सोमवारी शाळेत पुन्हा शिपाई, घंटा माझ्या हातात,
पण तिला काही सांगता येत नाही.
एक पोरगा येतो. मांड्यांपर्यंत चिखल,
नखात चिखल, दातावरसुद्धा.
काका, दहावी लागली पायाला.
अकरावी पण आहे बहुतेक, पण खाली टाइल्सचे तुकडे आहेत,
कापलं.
अंगठा दाखवतो.

मी त्याला टिंचर लावतो, तो ओरडत नाही.
वहीत "सापडलं"च्या खाली लिहितो: पायरी, एक.
नताळीन केव्हाच घरी गेलेली.
फेरीबोटीचा भोंगा होतो.
टेबलावर डाव्या पायाची चप्पल तशीच आहे,
मालक उजवी घालूनच बोटीत चढला असणार.

माइक अजून चालू आहे, हे मला आत्ता कळतं:
माझा श्वास
चिंचेपर्यंत जाऊन येतोय.