हात लावू नये

गुंजीच्या पुढं, लोंढ्याच्या वाटेवर बसमधनं उतरलो
तशा मोनव्वा मावशीनं चपला काढून हातात घेतल्या.
खाणीत कोण चपला घालतंय, म्हणाली.
आता तिथं फरशी आहे. तिकीट वीस रुपये,
साठीच्या पुढं दहा.

पाटीवर कानडी, त्याखाली इंग्रजी,
त्याखाली एक ओळ डांबरानं बुजवलेली.
ऊन तिरपं होतं म्हणून अक्षरांचे फुगवटे दिसले,
मी वाचून काढली.
मावशीला तिन्ही ओळी सारख्याच.

आत साहेबाचा फोटो, पायाशी कुत्रा.
कुत्र्याचं नाव खाली छापलंय: रेक्स.
मागं बुट्ट्या घेऊन सात जणी,
'महिला कामगार'.
मावशीचं बोट काचेवरनं सरकलं.
निंगुली. शांता. ही गौरव्वा, खोकून खोकून गेली.
ही माझी जाऊ. ही मी, बघ, केवढी काळी.
ही फोंड्याला दिलेली.
आणि ही...
बोट तिथंच राहिलं. नाव येईना.

पुढं लाल मखमलीवर, दिव्याखाली एक काळा तुकडा.
'मँगनीज. हात लावू नये.'
तिनं उचललाच.
डाव्या तळव्यावर एकदा वर, एकदा खाली.
"हे माल नव्हं. दगड हाय."

तिकिटाचा पोरगा धावत आला,
अज्जी, ठेवा ते, कॅमेरा आहे.
"कॅमेऱ्याला वजन कळतंय व्हय गा?
रंगावर जायचं नाही.
रंगावर गेलो की मुकादम अर्धा रोज कापायचा."

बाहेर गाड्या लावायच्या जागेत खडी पसरलीय.
त्यातनं तिनं एक मळकट तुकडा हुडकला,
लिंबाएवढा,
आणि पोराच्या हातावर ठेवला.
त्याचं मनगट खाली गेलं.
वळणावरनं मी मागं बघितलं:
तिकिटाचं पुस्तक काखेत धरून,
दोन हातांत दोन दगड,
तो डोळे मिटून उभा.

परतीच्या बसला गर्दी होती.
उभ्या बाईनं आपलं तान्हं
न विचारताच मावशीकडं दिलं.
तिनं ते मांडीवर घ्यायच्या आधी
जरासं तोललं, सवयीनं,
आणि काही बोलली नाही.

खानापूरची मलप्रभा ओलांडताना
खिडकीकडं तोंड करून म्हणाली,
"दुर्गी.
कडेची ती दुर्गी.
फोटो काढताना साहेब म्हणाला, बुट्ट्या खाली ठेवा.
तिनं नाही ठेवली."