पासंग

मंगळवार बाजारात, सायकलच्या चेनी
आणि बिनकानाच्या कढयांच्या मागे
हुसेनसाब नदाफांचा तराजू लटकतो.
डाव्या पारड्याखाली काळ्या दोऱ्यानं
करकचून बांधलेलं काहीतरी गोल होतं.
एकतीस वर्षं मी जळालेल्या मोटारी भरतोय,
तांबं मला काजळीतूनही ओळखू येतं.

'सोडा की जरा ते.'
'पासंग आहे बे तो. सोडला तर मी खोटा ठरेन.'
दीडशेला सोडला.

घरी येऊन चिंचेनं घासला.
आधी तीन मुकुट वर आले, मग पाठीवर
दोन बाण, एकमेकांवर फुली मारून निजलेले.
माझा बाप मिलमध्ये होता, त्यानं बाण नसते म्हटले,
धोटे म्हटले असते.
सतराशे, पुढचे दोन आकडे झिजलेले.
भाच्यानं फोटो काढला, इकडेतिकडे विचारलं,
म्हणाला, मामा, स्वीडन.
आणि असं नाणं घासायचं नसतं म्हणे.
तीनशे वर्षांची साय
मी पाच मिनिटांत ओरबाडली होती.

घरात आम्ही तांब्याला रागि म्हणतो.
तिकडे काय म्हणत असतील?
तिकडे बर्फ. इथं एप्रिल, त्रेचाळीस.
खिडकीत ठेवलं तर तेही
आपल्या घंगाळासारखंच तापलं,
पाहुणं म्हणून उन्हानं सवलत दिली नाही.

नव्या पेठेतून अल्बम आणला, साठ कप्प्यांचा.
भूदेवीनं पानं उलटली,
एक कप्पा भरलेला, एकोणसाठ मोकळे.
'ह्यात काय, हवा जमवणार?'
मी काही बोललो नाही.
खरं तर मला ते मोकळे कप्पेच आवडत होते.

पण झोपताना पारडं दिसायचं,
एका अंगाला कललेलं.
कुणाला तरी रोज थोडं कमी मिळत असेल,
कुणाला थोडं जास्त,
आणि माझा अल्बम कपाटात शहाण्यासारखा बंद.

साखर पेठेत सोनाराकडं नाणं तोललं,
साडेतेरा ग्रॅमच्या वर एक केस.
पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीतली तार काढली,
तेवढीच कापली, बोटावर गुंडाळली, दाबून चकती केली.
पुढच्या मंगळवारी गेलो तर तिथं
दोन वायसर आणि एक सेफ्टी पिन लोंबत होती.
हुसेनसाबांनी माझं वेटोळं बांधलं.
काटा थोडा थरथरला, मग उभा राहिला.
ते काट्याकडं बघत राहिले, मी त्यांच्याकडं.

मग पान थुंकून म्हणाले,
'जोडी होती ती. दुसरं दुधनीला,
भावाच्या तराजूला बांधलंय. त्याहून मोठं.'

गुरुवारची एसटी.
खिशात तारेचं भेंडोळं,
वजन माहीत नाही म्हणून जरा जास्तच घेतलंय.
जास्त झालं तर कापता येतं.