चार नंबरचा लाल

जापुराचं पाणी चढलं की जंगलाला जमीन उरत नाही.
आम्ही होडी वल्हवतो झाडांच्या खांद्यांमधून.
खाली, चार पुरुष खोल, मासे गळालेली फळं खातात
आणि डोक्यावर ती :
पांढऱ्या झिपऱ्या, तोकडं शेपूट,
टक्कल,
आणि तोंड असं लाल
की आत्ताच कुणीतरी थोबाडीत देऊन गेलंय.

इथले लोक त्याला म्हणतात इंग्रज माकड.
मी हसले. वाल्देनीझनं विचारलं, काय झालं?
म्हटलं, आमच्याकडे उलटं होतं,
इंग्रजालाच म्हणायचे लाल तोंडाचं माकड.
मग जमलं की, ती म्हणाली,
आणि वल्हं पाण्यात घातलं.

तेफेतल्या रंगाच्या दुकानातून तिनं एक कार्ड आणलंय,
भिंतीला द्यायच्या लालाचे पाच चौकोन.
दुकानदाराची नावं खोडून आकडे घातलेत.
एक म्हणजे धुऊन धुऊन विटलेला टॉवेल,
दोन पेरूचा गर,
तीन भाजकी वीट,
चार बोटांनी चिरडलेलं उरुकुमचं बोंड.
पाच अजून कुणाला दिलेला नाही.

कातडी पातळ. रंगाचा थर नाही.
रक्त थेट खिडकीशी येऊन बसतं.
हिवतापानं धरलं की खिडकी ओस.
म्हणून माद्या तोंड बघत असाव्यात, असं आम्ही समजतो.
'समजतो' हा शब्द वहीत मी दोनदा अधोरेखित केलाय.

मंगळवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी
अर्ध्या बोटाची मादी फांदीवरून आली.
वाटेत एकवाला बसला होता,
कठीण फळ दातात धरून, नीट, कण न सांडता खात.
तिनं त्याच्याकडे पाहिलं.
पाहिलं, हे नक्की, दुर्बिणीत मी तिचे डोळे पाहिलेत.
मग त्याला ओलांडून गेली,
आपण पायरीवरची चप्पल ओलांडतो तशी,
आणि चारवाल्यापाशी जाऊन पाठ केली.
हा चारवाला काही थोर नव्हे :
अर्ध्या शेंगा पाण्यात पाडत होता,
मध्येच शिंकला.
अकरा सेकंद. संपलं.
एकवाल्याला कुणी हाकललं नाही,
कुणी चावलं नाही.
फक्त त्याच्या बाजूची फांदी
दुपारपर्यंत हलली नाही.

परतताना मी विचारलं,
तू काय बघून केलंस एदिवानला?
वाटलं, म्हणेल स्वभाव, म्हणेल कष्टाळू.
कान, ती म्हणाली.
खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात.
बाकीच्या दोघांचं काही कळायचंच नाही.

एदिवान महिनाभर हॅमॉकमध्ये आहे.
दवाखान्याच्या होडीतल्या बाईनं बोट टोचून काचेवर थेंब घेतला,
गोळ्या दिल्या, तारखा लिहून दिल्या.
उंबरठ्याखाली पाणी, घरात थंडीनं वाजणारे दात,
आणि तोंड असं की कार्डावर चौकोनच नाही.
रात्री ती फारिन्या भिजवून भरवते,
अर्धी तो गिळतो, अर्धी बनियनवर.

आज तो उठून बसला.
काल म्हणे भावाबरोबर जाऊन तांबाकी विकून आला,
न विचारता, गोळ्या संपायच्या आधी.
कितीला गेले, तिनं विचारलं.
ऐंशी, तो म्हणाला, छताकडे बघत.

तिनं कंदील उचलला.
डाव्या कानाच्या पाळीला कार्ड लावलं,
वर-खाली सरकवलं, डोळे बारीक केले,
आणि मला म्हणाली, लिही :
चार.

मग पुसलं, उरलेले कुठायत,
पण आवाजात राग काही
जमत नव्हता.